कॅनच्या झाकणाखालचा वास

माझं नाक लई वाईट आहे, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणतात असं मी धरून चालते. पुंडलिकनगरात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढता चढता कुणाचं वरण तळाला लागलंय, कुणाकडं मेथी शिजतेय आणि कोण कालचीच भाजी गरम करून नवऱ्याला वाढायच्या बेतात आहे, हे मला दार न वाजवता कळतं. आमचे हे आंबे घेऊन आले की पिशवी माझ्यासमोर ठेवून गुपचूप उभे राहतात. मी एक आंबा उचलते, देठाशी नाक नेते आणि म्हणते, "पावडर लावून पिकवलाय. देऊन या परत." त्यावर ते पिशवी उचलून जिना उतरतात. बोलून उपयोग नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय.

याच नाकावर मी नोकरी करते. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं एक दूध डेअरी आहे. नाव सांगत नाही, सांगायचं काही कारणही नाही. तिथं सकाळी साडेसहापासून दुधाच्या गाड्या लागतात. गाडीच्या उंचीचा सिमेंटचा ओटा आहे, त्याला आम्ही डॉक म्हणतो. ओट्यावर कॅन उतरतात, झाकण निघतं, मी वास घेते आणि दूध आत घ्यायचं का परत पाठवायचं ते सांगते. लोकांना वाटतं, मी दुधात नाक घालत असेन. छे! वास घ्यायचा तो झाकणाचा. वाटेत दुधातून जे काही उडून वर येतं ते झाकणाखालच्या बोटभर मोकळ्या जागेत अडकून पडतं. झाकण निघालं की ते एका क्षणात पसार होतं. तेवढ्यात झाकण पालथं करून नाकाशी धरायचं, एकच श्वास घ्यायचा. एका कॅनला पाच सेकंद, फार फार तर सहा.

तेवढ्या वेळात मला कळतं, की या घरी भांडी नीट विसळत नाहीत, साबण राहिलाय. या घरी धार काढताना गोठ्याचं दार बंद होतं, शेणाचा वास लागलाय. या म्हशीनं रानातला लसूणघास खाल्लाय आणि हा कॅन कुणीतरी रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवला होता. गाडीवाले भांडतात. "म्याडम, मशीननं फॅट बराबर दाखवलं ना? मग नुसत्या वासावर दूध वापस करता व्हय?" मी म्हणते, "मशीनला आई नाय, बाप नाय, त्याला काय कळतंय वास? उचला कॅन." माझा आवाज डॉकच्या दुसऱ्या टोकाला जातो. गाडीवाले मला पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू द्या.

लॅबमध्ये नवीन मुली कामाला लागल्या की त्यांना वास शिकवायचं काम माझ्याकडं. मी बीएस्सी केमिस्ट्री, इथल्याच कॉलेजची, आणि शिकवायची मला भारी हौस. मी त्यांना सांगते, नाकाच्या पार वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध आत, नखाएवढी एक ओलसर जागा आहे. बाकी शरीरातल्या मज्जापेशी कातडीआड, हाडाआड दडून असतात. इथल्या मात्र बाहेरच्या हवेत तोंड काढून बसल्यात, लाखोंनी. प्रत्येकीच्या टोकाला बारीक केसांसारखे तंतू आणि त्या तंतूंवर वास ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. वासाचा कण हवेतून येतो, त्या ओलाव्यात विरघळतो आणि जिथं बसेल तिथं जाऊन बसतो. तो बसला की पेशी मेंदूला तार करते. कण उडायला ऊब लागते, म्हणून गार दुधाचा वास दबतो आणि कोमट केलं की चोरी उघडी पडते.

मग एखादी हुशार मुलगी विचारतेच, "मॅडम, किती प्रकारचे रिसेप्टर?" माणसात सुमारे चारशे. "आणि वास?" ते तर हजारोंनी. "मग चारशेत हजारो कसे भागतात?" या प्रश्नाची मी वाटच बघत असते. मी म्हणते, आमची गल्ली धर. पाहुणा आला की तो एकाच घरी जात नाही. कुणी दोन घरांची कडी वाजवतो, कुणी पाच घरांची. कुठली कुठली दारं उघडली यावरून आम्ही बाया खिडकीतूनच सांगतो, हा अमक्याच्या सासरचा. मेंदू तेच करतो. एक वास चार-सहा प्रकारच्या ग्राहकांना हलवतो, दुसरा त्यातल्या दोघांना आणि आणखी तिघांना. कोण कोण हललं, त्या जुळणीला आपण वास म्हणतो.

शेवटी एक गोष्ट मी हटकून सांगायचे. सगळ्यांच्या नाकातली गल्ली सारखी नसते. ही घरं आईबापाकडून येतात, आणि कुणाकुणाकडं त्यातलं एखादं घर जन्मापासून बंद असतं. त्या माणसाला बाकीचे वास खणखणीत येतात, तेवढा एखादा येत नाही. आणि येत नाही हे त्याला कळतही नाही, कारण जो वास कधी आलाच नाही तो चुकला हे कळणार कसं? मुली घाबरून विचारायच्या, "मॅडम, मग आपलं कुठलं बंद आहे ते कसं समजायचं?" मी म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा. माझं काही बंद नाही." आणि आम्ही सगळ्या हसायचो.

डॉकवर माझ्या आधीपासून एक चाचा होते. जुन्या शहरातले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दूत. मराठी बोलायचे झकास, वाचताना अडखळायचे. माझ्याशी बोलताना दोन्ही भाषा मिसळून बोलायचे. झाकणं उघडायची आणि वास घेणाऱ्याच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्यांनी तेच केलं. झाकण उघडायलाही हात लागतो. धसमुसळेपणानं उघडलं तर आतला वास माझ्या नाकापर्यंत यायच्या आत उडून जातो. चाचा झाकण अलगद फिरवायचे आणि आतली बाजू माझ्याकडं करून पुढं धरायचे. दूध खराब असलं की माझ्या आधी त्यांची डावी भुवई वर जायची. मी ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. शेवटी सही माझी होती ना!

सिल्लोडकडून एक गाडी येते. माझं माहेर तिकडचं. तिकडची मका, तिकडची सरकीची पेंड, तिकडच्या म्हशी, याविषयी माझ्यासमोर कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. त्या गाडीचं दूध मी आधी कधी परत पाठवलं नव्हतं असं नाही, पण पाठवताना माझा जीव तुटायचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या गाडीचे कॅन उतरले. चाचांनी एक झाकण उघडलं आणि माझ्याकडं न देता ते तसंच हातात धरून उभे राहिले.

"म्याडम, इसमें कुछ है."

"काय आहे?"

"मालूम नै. मीठा-मीठा आता. ज्वारी भिजवून मोड आणले ना, आणि मग तव्यावर टाकले, तसा."

मी झाकण घेतलं, वास घेतला. काही नाही. स्वच्छ, चांगलं दूध. पेलाभर कोमट करून पुन्हा घेतला. काही नाही. आम्लता बघितली, ठीक. उकळून बघितलं, फाटलं नाही. मी म्हटलं, "चाचा, चहा घ्या जाऊन. नाक बिघडलंय तुमचं." कॅन आत घेतला.

दुसऱ्या दिवशी तीन कॅन. तीच भुवई, तेच मोड आलेल्या ज्वारीचं बोलणं, आणि मला तेच काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सात कॅनची झाकणं उघडून परत लावली आणि मागं सरकून म्हणाले, "ये दूध मत लो म्याडम. मैं नै देता झाकण."

सगळे गाडीवाले बघत होते. मी आवाज चढवला. "चाचा, इथं वास कोण घेतं? तुम्ही का मी?"

"आप. पर वास तो है."

"मला येत नाही म्हणजे नाही!"

"म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले, "आपकू नै आता बोलेतो नै है, ऐसा कायकू?"

हे वाक्य त्यांनी एकट्यात म्हटलं असतं तर कदाचित मी थांबले असते. पण चारचौघांत! माझं डोकंच फिरलं. मी स्वतः सातही झाकणं उघडली, धाडधाड वास घेतला आणि सातही कॅन आत ढकलले. आणि मग मला आठवलं, की चाचांच्या मेव्हण्यानं नुकतीच गाडी घेतलीय आणि तो सिल्लोडचाच रूट मागतोय. बस्स, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस माझ्या माहेरच्या दुधाला नावं ठेवून तो रूट बंद पाडतोय! मला आता सगळं कळलं असं वाटलं, आणि असं वाटलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तोंडी सांगून भागलं असतं. मी लेखी दिलं. "सदर कर्मचारी स्वतःच्या नातेवाइकाच्या फायद्यासाठी चांगल्या दुधावर हेतुपुरस्सर खोटा आक्षेप घेत आहे." हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. मॅनेजर साहेबांनी कागद वाचला आणि मला खुर्चीत बसायला सांगितलं. "मॅडम, लेखी आलं की चौकशी लागते. चौकशीत तुमचाच शब्द चालणार. एकोणीस वर्षांचा माणूस घरी जाईल, तोही बेइमान म्हणून. पुन्हा एकदा विचार करा." मी म्हटलं, "विचार करूनच लिहिलंय." चौकशी पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी ठरली. तोवर चाचांना डॉकवरून काढून मागं क्रेट धुवायला लावलं. ते नुसते खाली मान घालून गेले. त्या दिवशी मला ती चोराची मान वाटली.

आज मी स्वतःला विचारते, त्यांच्या जागी माझ्या गावचा एखादा काका असता, माझ्या नात्यागोत्यातला, तर मी "हेतुपुरस्सर" हा शब्द लिहिला असता का? म्हटलं असतं, "काका, सर्दी झालीय तुम्हाला," आणि विषय तिथंच संपवला असता. हे उत्तर मला आवडत नाही, पण ते खरं आहे.

बुधवारी दुकानांतून आमच्या दुधाच्या पिशव्या परत आल्या. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पिशवी फोडून स्टीलच्या भांड्यात कोमट केलेली. लॅबमधली एक मुलगी ओढणी नाकाला लावून उभी. साहेब म्हणाले, "घ्या वास." मी घेतला. म्हटलं, "चांगलं दूध आहे." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी भांडं माझ्या आणखी जवळ सरकवलं. "मॅडम, पूर्ण केबिन भरलीय वासानं." मी चिडले. म्हटलं, मला वेड्यात काढू नका. एक पिशवी उचलून पर्समध्ये टाकली आणि घरी निघाले.

दुपारचे चार वाजले असतील. आमचे हे हॉलमध्ये पेपर वाचत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, मी घरी सांगितलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात पातेलं ठेवलं, दूध ओतलं, गॅस बारीक केला. दोन मिनिटांत हॉलमधून आवाज आला, "अगं, हे काय शिजवतेस? बिअरच्या कंपनीसमोर येतो तसला वास येतोय घरात!"

आमच्या शहरात बिअरचे कारखाने आहेत, हे इथं सगळ्यांनाच माहीत. त्यातल्या एकाजवळून आमची स्टाफची गाडी रोज जाते. तिथं आलं की बाया "आला गं बाई वास" म्हणून पदर लावतात, काचा वर करतात. मला वाटायचं, दारूचं नाव आलं म्हणून नाटकं करतात. मी उघड्या खिडकीशी बसून त्यांची टर उडवायचे. पंधरा वर्षं!

मी हॉलमध्ये गेले. "कसला वास म्हणालात? नीट सांगा."

"गोडूस. धान्याला मोड आणून भाजलं की येतो ना, तसा. का गं? तुला नाही आला? तुला?"

त्यांनी तो दुसरा "तुला" इतक्या नवलानं म्हटला की मी परत स्वयंपाकघरात पळाले. मी पातेल्यावर वाकले, वाफ तोंडावर येईपर्यंत वाकले. दूध. नुसतं दूध. बिअरसाठी जवाला मोड आणून तेच तर भाजतात आणि त्यालाच माल्ट म्हणतात, हे मला पुस्तकातून पाठ होतं. दूध वेळेवर गार झालं नाही की त्यात एका जातीचे जंतू वाढतात आणि आंबण्याच्या आधी ते दुधाला माल्टचा वास आणतात, हेही मला पाठ होतं. मीच मुलींना शिकवायचे. आणि तो वास काहींना जन्मजात येत नाही, ही ओळही शिकवायच्या वहीत माझ्याच अक्षरात होती. शिकवताना तो वास कसा असतो हे मी कायम पुस्तकातले शब्द वापरून सांगत आले, आणि मला ते कधी खटकलं नाही.

खोटं कशाला बोलू? पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की हे कुणाला सांगायचं कारण काय. सिल्लोडकडच्या दूध गोळा करायच्या सेंटरचा कूलर बिघडला असणार, हे साहेब शोधून काढतील, दुरुस्ती होईल, वास जाईल. माझ्या नाकाचं नाव राहील. दूध गॅसवर उतू गेलं तरी मी तिथंच उभी होते. मग शनिवार आठवला. शनिवारी चाचा बेइमान ठरून घरी जाणार होते, आणि त्यांना घालवणारा एकमेव पुरावा माझं नाक होतं. मला स्वतःची किळस आली. यांना सगळं सांगितलं तेव्हा मी रडले, आणि हे घाबरले, कारण मी रडत नाही.

गुरुवारी सकाळी मी साहेबांपुढं उभी राहिले. म्हटलं, "माझी परीक्षा घ्या. आणि चाचांचीही." लॅबच्या मुलीला पद्धत ठाऊक होती. एका वासाला तीन कप, त्यात दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. तिनं आंबूस दुधाचे तीन मांडले, साबणाचे तीन, लसूणघासाचे तीन आणि परत आलेल्या पिशवीचे तीन. माझी पाठ असताना मांडले, खाली नंबर लिहिले. पहिले तीन वास मी झटक्यात ओळखले, तेव्हासुद्धा बरं वाटलं. चौथ्याशी थांबले. तिन्ही कप मला एकाच म्हशीचे. अंदाजानं एक उचलला, चुकला. मुलीनं जागा बदलून पुन्हा मांडले. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला, पण तो नशिबानं आला हे मला ठाऊक होतं आणि मी तसं सांगितलं.

मग चाचांना बोलावलं. ते मागून आले, बाह्या वर, हातांना क्रेट धुवायच्या साबणाचा वास. त्यांनी हात साध्या पाण्यानं तीनदा धुतले, पंच्यानं कोरडे केले आणि मग कप उचलला. आंबूस ओळखला, साबण ओळखला, लसूणघास ओळखला. चौथ्या तीन कपांतला दुसरा कप त्यांनी उचलला आणि त्यांची डावी भुवई वर गेली. मी बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला, तिसरा उचलला, पुन्हा दुसरा उचलला. माझ्याकडं एकदा बघितलं. आणि म्हणाले, "तिन्ही सेम आहेत, साहेब."

साहेब म्हणाले, "म्हणजे यांनाही येत नाही?"

"चाचा!" मी ओरडले. "खोटं बोलू नका. दुसऱ्या कपात आहे. तुमची भुवई वर गेली."

ते माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं बघितलं. "म्याडम, मागच्या हफ्त्यात खरं बोललो तर क्रेट धुवायला गेलो. अब और क्या चाहिए आपकू?"

 चाचांनी हातातला कप टेबलावर ठेवला. "आठ दिन हुए. घरी जेवायला बसलो की बायकोला विचारतो, सालनाच्या रश्श्यात वास येतो का गं? दूध तापलं की विचारतो, चांगलं आहे ना? ती म्हणते, तुमको क्या हुआ? मैं क्या बोलूँ? म्याडमला येत नाही, तर माझंच काहीतरी बिघडलं असेल. म्याडम तो पढ़ेली है."

मला वाटलं होतं, मी त्यांची जागा घालवली. मी त्यांचं नाकच काढून घेतलं होतं. मी म्हटलं, "चाचा, बिघडलेलं नाक माझं आहे. हा एक वास मला येत नाही. आज नाही, कधीच आला नाही, जन्मापासून. तुम्ही तिन्ही दिवस बरोबर होतात. मी तुमच्यावर खोटं लिहिलं. मला माफ करा."

त्यांनी लगेच माफ वगैरे केलं नाही. बराच वेळ पंच्याला हात पुसत राहिले, हात कोरडे होते तरी. मग म्हणाले, "तुम्ही लिहिलेला कागद चौकशीच्या नोटिशीबरोबर घरी आला, तो माझ्या पोरीनं मला वाचून दाखवला. घरात सगळ्यांनी ऐकला. दुसरा लिहा. आणि तो डॉकवर वाचा. गाड्या लागल्यावर. मेरेकू वहीं झूठा ठहराए थे."

साहेब मध्ये पडायला बघत होते. "अहो, डॉकवर कशाला, माझ्या केबिनमध्ये..." मी म्हटलं, "डॉकवरच." आणि तिथंच टेबलाशी बसून लिहिलं. पहिला कागद लिहायला मला पाच मिनिटं लागली होती, याला तासभर लागला.

शुक्रवारी गाड्या लागल्या. मी ओट्याच्या मधोमध उभी राहिले आणि वाचलं. माझा आवाज डॉकच्या दुसऱ्या टोकाला जातो म्हणून मी मिरवते, त्या दिवशी तो पहिल्या गाडीपर्यंतही गेला नाही. कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं म्याडम, ऐकू येत नाय!" मग मोठ्यानं वाचलं. "माझ्या नाकाला हा वास ओळखता येत नाही. या कर्मचाऱ्याचा आक्षेप खरा होता. मी त्यांच्यावर केलेला आरोप खोटा होता, तो मी मागे घेत आहे." सिल्लोडचा गाडीवाला दात काढत म्हणाला, "म्हंजे म्याडम, आमचं दूध इतके दिवस तुम्ही नुसतं अंदाजपंचे घेत होता व्हय?" सगळे हसले. मला लई लाज वाटली, आणि कागद संपल्यावर छातीवरचं ओझं गेलं, दोन्ही एकाच वेळी.

पहिली गाडी त्याचीच होती. "कूलर काल दुरुस्त झाला," तो शपथेवर सांगत होता. "आता बघा, एकदम फ्रेश." कॅन उतरले. चाचा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिली दोन झाकणं नीट गेली. तिसरं झाकण त्यांनी उघडलं, नाकाशी धरलं, आणि थांबले. मीही वास घेतला. मला चांगलं दूध वाटलं, अगदी माझ्या माहेरच्या गोठ्यात धारेला असतं तसं.

चाचा माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मी काय म्हणतेय त्याची वाट बघत. गाडीवाला म्हणाला, "चांगलं आहे ना म्याडम? सांगा की!"

"माझ्याकडं नका बघू चाचा," मी म्हटलं. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी लिहिते."

त्यांनी झाकण पुन्हा नाकाशी नेलं. डोळे मिटले. मग मान ताठ केली आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले, की पार शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं, "वापस!"

गाडीवाला हात जोडून माझ्याकडं धावला. "म्याडम, तुम्ही आमच्या तिकडच्या, तुम्ही तर सांगा, कुठंय वास?" मला खरंच कुठं वास नव्हता. मी रजिस्टर पुढं ओढलं, परत असं लिहिलं आणि खाली सही केली.